घरची खळ आणि कारखान्याची राळ

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत कांहीं ना कांहीं चिकटविण्याचा प्रसंग आला नाहीं असा आठवडा बहुधा जात नाहीं. मुलांच्या पुस्तकांचीं वेष्टणें, पाटाची निखळलेली पट्टी, आजोबांच्या छत्रीची मूठ, चहाच्या पेल्याचा कान, वहाणेचा सुटलेला तळ,—दुखणीं अनेक, पण घरांतील कर्त्या माणसाच्या तोंडीं औषध मात्र एकच असतें : "बाजारांतून जो सर्वांत घट्ट चिकटेल तो डिंक घेऊन या!" या आज्ञेंत दोन समजुती दडलेल्या आहेत. जो अधिक घट्ट तो अधिक चांगला, ही एक. आणि कारखान्यांत जें वापरतात तें घरांत अधिकच उपयोगी पडेल, ही दुसरी. दोन्ही खऱ्या नाहींत. त्या कां खऱ्या नाहींत, आणि त्यांच्यापायीं घरांतील कोणत्या वस्तूंना व कोणत्या माणसांना इजा पोंचते, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

या विचारासाठीं मुरगूडसारखें गांव फार सोयीचें. कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यांत वेदगंगेच्या कांठीं वसलेलें हें नगरपरिषदेचें गांव धड शहर नाहीं, धड खेडें नाहीं. येथल्या घरांतून कणकेची खळ अजून शिजते. सुताराच्या कट्ट्यावर पांढऱ्या डिंकाचा डबा असतो. वहाणा दुरुस्त करणाराच्या पेटींत उग्र वासाचें पिवळट सोल्यूशन असतें, आणि सायकलच्या दुकानांत पंक्चरची नळी. उत्तरेस कोल्हापूरचे ओतकामाचे कारखाने, ईशान्येस इचलकरंजीचे माग. चुलीवरच्या खळीपासून भट्टीपुढच्या राळेपर्यंत सारे नमुने एका दिवसाच्या फेरींत पाहतां येतात. शिवाय मृग लागल्यापासून हस्त संपेपर्यंत हवेंत भरून राहणारी ओल ही कोणत्याही सांध्याची मोठी परीक्षक. तीही येथें आयतीच मिळते.

चिकटणें म्हणजे काय ?

कांचेचे दोन कोरडे तुकडे एकमेकांवर ठेवले तर ते सहज उचलतां येतात. त्यांच्यामध्यें पाण्याचा एक थेंब सोडला कीं ते सोडवितांना जोर लागतो. चिकटपणाचें रहस्य या थेंबांत आहे. आपल्या डोळ्यांस गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग सूक्ष्म दृष्टीनें पाहिला तर डोंगरदऱ्यांसारखा असतो. दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांस फक्त शिखरांवरच भेटतात. द्रव पदार्थ त्या दऱ्या भरून काढतो व दोन्ही बाजूंच्या कणांशीं अगदीं जवळून लगट करतो. परंतु द्रव तो द्रवच. त्यानें पुढें घट्ट व्हावयास पाहिजे. तेव्हां चिकट द्रव्याचीं कामें दोन : आधीं पाण्यासारखें पसरावयाचें, आणि मागाहून दगडासारखें व्हावयाचें.

घट्ट होण्याच्या वाटा मुख्यत्वें तीन. खळ, बाभळीचा डिंक आणि सुताराचा पांढरा डिंक यांतील पाणी उडून जातें किंवा कागदांत-लांकडांत मुरतें, व ते वाळतात. लाख, राळ व मेण हीं उष्णतेनें वितळतात आणि थंड होतांच थिजतात. पातें मुठींत लाखेनें बसविलेली सुरी कढत पाण्यांत टाकूं नये असें जुन्या बायका सांगत, त्याचें कारण हेंच. तिसरी वाट रसायनाची. तींत द्रव्याचे लहान लहान रेणू एकमेकांचे हात धरून लांब सांखळ्या व जाळीं बनवितात. अशीं जाळीं बनलीं म्हणजे तें द्रव्य पाण्यानें विरघळत नाहीं, कीं ऊब दिल्यानें पुन्हां पातळ होत नाहीं. घरचीं जुनीं चिकट द्रव्यें पहिल्या दोन वाटांनीं जातात. कारखान्यांतील बरींचशीं तिसरीनें. पहिल्या दोन वाटांवरून पुष्कळदां मागें फिरतां येतें, तिसरीवरून बहुधा येत नाहीं. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील बहुतेक गोष्टी त्यावरूनच उलगडतात.

चुलीवरची खळ

खळ करण्याची रीत घरोघर ठाऊक आहे, तरी नव्या संसाराकरितां सांगतों. एक वाटी मैदा पांच-सहा वाट्या थंड पाण्यांत कालवून गुठळ्या मोडाव्या, आणि मंद आंचेवर सतत ढवळीत राहावें. पिठांतील पिष्टाचे कण ऊन पाण्यानें फुगतात व फुटतात. दुधासारखें पांढरें पाणी दाट व किंचित् पारदर्शक होऊं लागतें. त्यानंतर आणखी थोडा वेळ शिजवून खळ उतरावी, निवल्यावर फडक्यांतून गाळावी. दोन दिवसांपलीकडे ती ठेवूं नये. पावसाळ्यांत ती आंबते, तिला बुरशी धरते, आणि झुरळांना तर ती मेजवानीच होय. पुस्तकें बांधणारे कीड लागूं नये म्हणून खळींत मोरचूद घालीत. तो विषारी असल्यामुळें मुलें ज्या घरांत बोटें चाटतात तेथें तो घालूं नये. तुरटी घातल्यास ती कागदांत आम्लता आणते व कागद कालांतरानें ठिसूळ होतो. रोजच्या कामास ताजी साधी खळच उत्तम.

या खळीचे दोष उघड आहेत. ती पाण्यापुढें टिकत नाहीं, धातूला व कांचेला नीट धरीत नाहीं, फार वजन पेलीत नाहीं. परंतु तिचा जो सर्वांत मोठा दोष म्हणून समजला जातो, तोच एका ठिकाणीं तिचा सर्वांत मोठा गुण ठरतो. ओलाव्यानें ती सुटते.

याचें महत्त्व आम्हांस याच भागांतील एका एकत्र कुटुंबांत पाहावयास मिळालें. त्या घरीं पणजोबांच्या हातची वंशावळ व जमिनीसंबंधींचे कांहीं जुने कागद एका पेटींत होते. घड्यांवर ते विरले होते. घरांतील एका हौशी तरुणानें पारदर्शक चिकट पट्टी आणून प्रत्येक घडीवर पाठपोट व्यवस्थित लावली. सर्वांनीं त्याचें कौतुक केलें. बारा-पंधरा वर्षांनीं वांटणीच्या वेळीं पेटी उघडली तेव्हां पट्टी पिवळी पडून सुटी झाली होती, पण तिचा चिकट भाग कागदांत मुरून तपकिरी, तेलकट डाग पडले होते. नेमकीं घडीवरचीं नांवें त्या डागांत बुडालीं. कोणाचा मुलगा दत्तक गेला, कोणाची शाखा खुंटली, हें ज्या ओळींत होतें त्या ओळी वाचतां येईनात. चुलत भावांत त्यावरून जें अंतर पडलें तें पुढें कधीं भरून आलें नाहीं. कागदाचा नाश कोणीं द्वेषानें केला असता तर त्याला दोष देतां आला असता. येथें तो प्रेमानें केलेला होता, आणि म्हणूनच त्याची हळहळ अधिक.

अशा पट्टीवरील रबरासारखा चिकट थर हवेनें व उजेडानें बदलत जातो, आधीं पातळ होऊन कागदांत शिरतो, मग कडक व पिवळा होतो. तो काढावयाचा तर तज्ज्ञाकडे द्रावकें लागतात, आणि शाईचा बळी जाण्याचें भय असतें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारख्या १९१७ सालापासून हस्तलिखितें जपणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. अशा संग्रहांच्या जतनाचें सर्व जगांत मान्य झालेलें तत्त्व हेंच कीं, आज केलेली दुरुस्ती उद्यांच्या माणसास सोडवितां आली पाहिजे. म्हणून जगांतील मोठमोठ्या ग्रंथालयांत मौल्यवान कागद सांधावयास आजही गव्हाच्या पिष्टाची खळ आणि जपानी पद्धतीचा पातळ, लांब धाग्यांचा कागद वापरतात. ज्या खळीला आपण गरीबाघरची म्हणून हिणवितों, ती तेथें सर्वांत वरच्या आसनावर आहे.

मागावरील खळ

खळ हा शब्द आपल्याकडे स्वयंपाकघरांत आहे तसा मागावरही आहे. घोंगडीचा माग पाहिलेल्या वाचकांस आठवत असेल कीं, लोंकरीचा ताणा ताणून त्यावर चिंचोक्यांची शिजविलेली खळ कुंच्यानें देतात. त्यायोगें धाग्याचे उभे राहिलेले तंतू खालीं बसतात व मागावरील घासणीनें धागा तुटत नाहीं. इचलकरंजीस १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग बसविला. यंत्रमागाची गति हातमागाहून किती तरी अधिक. तेव्हां धाग्यास खळ देण्याचें काम स्वतंत्र यंत्रांकडे गेलें. पिष्टाच्या जोडीस पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखीं कृत्रिम द्रव्यें आलीं. पण मूळ हेतु बदलला नाहीं : विणकाम होईपर्यंत धागा जपावयाचा, आणि कापड तयार झालें कीं खळ धुऊन काढावयाची.

मग घरची खळ व कारखान्याची खळ यांत अंतर कोणतें ? अंतर मोजमापाचें. घरांत आपण बोटानें चाचपून "आली" म्हणतों. कारखान्यांत पाणी किती, उष्णता किती अंश, दाटपणा किती, धाग्यानें किती खळ घेतली, वाळवणींत ओल किती राहिली, हें सारें मोजलेलें असतें. खळ कमी पडली तर धागा तुटतो, अधिक झाली तर तो कडक होऊन मोडतो. अमुक द्रव्य प्रबळ कीं दुर्बळ, हा तेथें प्रश्नच नसतो. तें त्या कामास बेताचें आहे कीं नाहीं, एवढाच असतो.

भट्टीपुढची राळ

कोल्हापूरच्या ओतकामाच्या कारखान्यांत याहून चमत्कारिक प्रकार पाहावयास मिळतो. इंजिनाचा भाग आंतून पोकळ हवा असेल तर सांच्यामध्यें वाळूचा एक गाभा ठेवतात. कारागीर त्याला कोअर म्हणतात. सुटी वाळू आकार कशी धरणार ? तिला बांधणारें द्रव्य पाहिजे. पूर्वीं ओतकामांत अळशीचें तेल, पिष्ट, साखर-कारखान्यांतील मळी असे पदार्थ वापरीत. पुढें वॉटर ग्लास हें द्रव्य आलें. तें वाळूंत मिसळून वर कार्बन डायऑक्साइड वायु सोडला कीं गाभा थोड्याच वेळांत टणक होतो. त्यानंतर फिनॉलच्या व फ्यूरानच्या कृत्रिम राळा आल्या.

या राळेकडून अपेक्षा अशी : वितळलेलें लोखंड वर ओतलें जाईपर्यंत तिनें वाळूचा एक कणही हलूं द्यावयाचा नाहीं, परंतु लोखंड थिजलें कीं त्याच उष्णतेनें स्वतः जळून जावयाचें, म्हणजे वाळू झडून पोकळी मोकळी होते. ती आधीं सुटली तर ओतीव भाग बिघडतो. सुटलीच नाहीं तर पोकळींतील वाळू निघत नाहीं. धरणें आणि सोडणें हीं दोन्ही कामें ठरल्या वेळीं करणारी राळ तीच चांगली राळ.

लांकूड, प्लायवुड आणि विमान

लांकूडकामांत पूर्वीं जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस चाले. तो ऊन पाण्यांत वितळवावा लागे, त्यास वास येई, आणि ओलसर हवेंत सांधा नरम पडे. बळवंतराय पारेख यांच्या फेव्हिकॉलनें १९५९ पासून सुताराच्या कट्ट्यावरील तें सरसाचें भांडें हळूहळू दूर केलें. हा पांढरा डिंक पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा. पाण्यांत कालविलेला, तापवावा न लागणारा, वापरण्यास सोपा. कारखान्यांत जन्मूनही स्वभावानें तो घरगुती आहे. मात्र सतत पाण्यांत राहणाऱ्या लांकडास साधा पांढरा डिंक उपयोगी नाहीं.

प्लायवुडचें काम निराळें. लांकडाचे पातळ पापुद्रे आडवेउभे रचून युरिया-फॉर्मल्डिहाइड किंवा फिनॉल-फॉर्मल्डिहाइड राळेनें, उष्णता व दाब देऊन, एकजीव करतात. युरियाची राळ स्वस्त, पण सतत ओल तिला मानवत नाहीं. फिनॉलची राळ पाण्यापुढें टिकते. भारतीय मानकाप्रमाणें जहाजकामाच्या प्लायवुडचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यांत ठेवून मग त्याचा सांधा तपासतात. मुरगूडसारख्या ओलसर हवेच्या गांवीं मोरीजवळचें कपाट करवितांना केवळ "घट्ट प्लाय द्या" असें न म्हणतां फळीवरील मानकाचा शिक्का वाचून घ्यावा.

सांधा सुटल्यानें काय होतें याचा दाखला दुसऱ्या महायुद्धांत मिळाला. इंग्रजांचें मॉस्किटो हें विमान मुख्यतः लांकडाचें. प्रथम त्याचे भाग केसीनच्या, म्हणजे दुधाच्या चोथ्यापासून केलेल्या, सरसानें जोडीत. १९४४ सालीं हिंदुस्थान व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर अशीं कांहीं विमानें आकाशांतच मोडलीं, वैमानिक दगावले, व चौकशी झाली. दोष येथील उष्ण-दमट हवेचा किती आणि कारखान्यांतील सदोष जोडणीचा किती, यावर मतभेद झाला. परंतु केसीन जाऊन त्याच्या जागीं फॉर्मल्डिहाइडची राळ कायम झाली. नासक्या दुधापासून विमान जोडतां येतें ही गंमत; तें विमान पावसाळ्यांत टिकेलच असें नाहीं, हा धडा.

शिस्त हें खरें अंतर

कारखान्याची शिस्त पाहावयास मुरगूडच्या बाहेर जाण्याचीही गरज नाहीं. सायकलचें पंक्चर काढणारा मुलगा प्रथम भोंक शोधतो, ट्यूब कानशीनें घासतो, पुसतो, सोल्यूशनचा पातळ हात देतो, आणि मग,—हीच महत्त्वाची गोष्ट,—थांबतो. ओलेपणा गेल्यावरच तो ठिगळ दाबतो, व शेवटीं ट्यूब पाण्यांत धरून बुडबुडे येतात का पाहतो. साफ करणें, पातळ लावणें, थांबणें, दाबणें, तपासणें. मोठ्या कारखान्यांतही क्रम हाच. आपण घरीं मात्र धुळकट, तेलकट तुकड्यांमध्यें डिंकाचा जाड थर देतों, पांच मिनिटांत ओढून पाहतों, आणि डिंक वाईट म्हणून दुकानदाराशीं भांडतों.

दुसरी गोष्ट जोराच्या दिशेची. समोरासमोर घसरणाऱ्या जोरापुढें चिकट सांधा पुष्कळ टिकतो. पण एका कडेपासून सोललें कीं फार लवकर सुटतो. पाटाची पट्टी टिकते व वहाणेचें टोंक उघडतें तें यामुळें. म्हणूनच कोल्हापुरी वहाणेचे थर जुने कारागीर चामड्याच्याच वादीनें शिवीत आले, आणि निपाणीची विडी डिंकानें नव्हे तर दोऱ्यानें बांधली जाते. जेथें शिवण किंवा गांठ पाहिजे तेथें डिंक घालणें हें शहाणपण नव्हे.

घरांत आलेल्या राळेचें भय

अलीकडे कारखान्याचीं द्रव्यें लहान नळ्यांत भरून घरांत आलीं आहेत. त्यांचें सामर्थ्य आलें, शिस्त आली नाहीं. त्यांतील तीन द्रव्यांविषयीं सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

पहिलें, क्षणांत चिकटणारें सायनोॲक्रिलेट. अमेरिकेंत कोडॅक कंपनीच्या हॅरी कूव्हर यांच्या हातीं तें १९४२ सालीं आलें, १९५१ मध्यें त्याचा गुण नीट ओळखला गेला, व १९५८ पासून तें विकूं लागले. हवेंतील व त्वचेवरील ओलाव्यानेंच तें घट्ट होतें. म्हणून बोटें तत्काळ चिकटतात. तीं ओढून सोडवूं नयेत, कातडें फाटतें. कोमट साबणाच्या पाण्यांत भिजवून हलकेच लाटल्यासारखीं सोडवावीं. डोळ्यांत थेंब गेल्यास पापण्या बळानें उघडूं नयेत. कोमट पाण्यानें धुवून त्वरित वैद्यांकडे न्यावें. आणि हें द्रव्य सुती कपड्यावर किंवा कापसावर सांडलें तर इतकी उष्णता निघते कीं अंग भाजतें, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. सांडलेला डिंक आईनें पदरानें पुसावा, हा आपल्या घरांतील अगदीं सहज घडणारा प्रकार. म्हणून विशेष जपावें.

दुसरें, वहाणांचें व पंक्चरचें सोल्यूशन. त्यांतील उडून जाणारीं द्रावकें ज्वालाग्राही आहेत, व त्यांची वाफ मेंदूस आणि मज्जातंतूंस बाधक आहे. देव्हाऱ्यांतील समईजवळ, गॅसच्या शेगडीजवळ किंवा दारें लावलेल्या खोलींत तें उघडूं नये. त्याचा वास घेण्याचें व्यसन मुलांस लागतें. तेव्हां नळी कुलुपांत ठेवावी आणि किती उरली याकडे लक्ष असावें.

तिसरें, फॉर्मल्डिहाइड. नव्या प्लायवुडच्या कपाटास जो डोळ्यांस झोंबणारा वास येतो तो याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २००४ सालीं त्याची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. नवें सामान केलेल्या खोलींत कांहीं आठवडे खिडक्या उघड्या ठेवाव्या, आणि बाळंतीण व तान्हें मूल यांस तेथें निजवूं नये.

कोणत्या कामास काय ?

कागद, पुठ्ठा, पतंग, मखर यांस खळ. पोथी, वंशावळ, दस्त यांसही खळच. पण काम मोठें असल्यास तज्ज्ञाचा हात. घरांतल्या कोरड्या लांकडास सुताराचा पांढरा डिंक, आणि रात्रभर दाब. धातु, दगड व चिनी माती यांस दोन नळ्यांचें एपॉक्सी. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनें १९४६ सालीं अराल्डाइट या नांवानें तें पुढें आणलें. त्यांतील दोन्ही भाग डब्यावर सांगितलेल्या प्रमाणांतच घ्यावे. कठीण करणारा भाग जास्त घातल्यानें सांधा अधिक कठीण होत नाहीं, बिघडतो. साधें एपॉक्सी कढत उष्णतेनें नरम होतें. म्हणून चहाच्या पेल्याचा कान जोडला तरी तो पेला फुलें ठेवावयास वापरावा, त्यांतून कोणास चहा देऊं नये. प्लॅस्टिकच्या बादलीस यांपैकीं बहुतेक कांहींच धरीत नाहीं. कारण तिच्या पृष्ठभागावर चिकट द्रव्य पसरतच नाहीं. ती तापल्या सळईनें सांधणारा माणूस शोधावा.

एकंदरींत, विकत घेण्यापूर्वीं घरांतील कर्त्या माणसानें दुकानदारास "सर्वांत घट्ट कोणता ?" असें विचारण्याऐवजीं स्वतःस तीन प्रश्न विचारावे. हा सांधा किती दिवस टिकावयास पाहिजे ? त्यास पाणी, उष्णता, कीं ओढ सोसावी लागणार आहे ? आणि पुढें तो कोणाला सोडवावा लागेल काय ? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें कारखाना रोज देत असतो. तिसरा प्रश्न मात्र घराचा आहे. कारण जुन्या कागदांच्या पेटीची किल्ली आज ना उद्यां नातवंडांच्या हातीं जावयाची असते.